कलात्मक सुरी

कलात्मक सुरी म्हणजे एका कारागिराने, किंवा त्याने मोजक्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने, हाताने घडवलेली आणि मुख्यतः संग्रहासाठी तयार केलेली सुरी होय. इंग्रजीतील ‘आर्ट नाइफ’ या संज्ञेने ती ओळखली जाते. पाते, मूठ आणि म्यान हे तिचे घटक नेहमीच्या सुरीचेच असतात. मात्र पोलादातील नक्षी, खोदकाम, कोंदणकाम आणि मुठीसाठी निवडलेले दुर्मीळ साहित्य यांमुळे तिला कलावस्तूचे मूल्य प्राप्त होते. आधुनिक अर्थाने ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली. अशी सुरी प्रत्यक्ष वापरात क्वचितच येते. तरीही ती सुरी म्हणून निर्दोष असावी, अशी संग्राहकांची अपेक्षा असते.

## इतिहास

सजवलेली पाती ही प्राचीन परंपरा आहे. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या ममीवर १९२५ मध्ये दोन खंजीर आढळले. त्यांपैकी एकाचे पाते सोन्याचे, तर दुसऱ्याचे उल्केतील लोखंडाचे आहे. मोगलकालीन भारतात जेड दगडाच्या रत्नजडित मुठी घडवल्या जात.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखान्यांतील उत्पादनामुळे हाताने सुऱ्या घडवणारे कारागीर थोडेच उरले होते. मिशिगनमधील विल्यम स्कॅगेल (१८७३–१९६३) हे त्यांपैकी एक. त्यांच्या कामावरून प्रेरणा घेऊन फ्लोरिडातील ‘बो’ रँडल यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुऱ्या घडवण्यास प्रारंभ केला. १९७० मध्ये बॉब लव्हलेस, ए. जी. रसेल आणि इतर काही जणांच्या पुढाकाराने ‘नाइफमेकर्स गिल्ड’ ही कारागिरांची संघटना स्थापन झाली.

१९७३ मध्ये कॅन्सस सिटी येथे भरलेल्या गिल्डच्या प्रदर्शनात मेरीलँडचे लोहार विल्यम एफ. मोरान (१९२५–२००६) यांनी थरांच्या नक्षीदार पोलादाच्या सुऱ्या मांडल्या. अमेरिकेत हे तंत्र तेव्हा जवळजवळ विस्मृतीत गेले होते. मोरान यांनी ते गुप्त न ठेवता इतरांना शिकवले. त्यांच्याच पुढाकाराने १९७६ मध्ये ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ स्थापन झाली.

## घडण

पाते दोन प्रकारे तयार होते. पहिल्या प्रकारात पोलादाच्या पट्टीतून आकार कापून तो घासला जातो. दुसऱ्यात पोलाद भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकून घडवले जाते. साध्या कर्बयुक्त पोलादाचे पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवतात. यालाच पोलादाला पाणी देणे म्हणतात. त्यामुळे आलेला ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा सुमारे २०० अंशांवर तापवले जाते.

थरांच्या पोलादासाठी दोन वेगळ्या प्रकारची पोलादे एकमेकांवर रचून भट्टीच्या उष्णतेत ठोकून सांधतात आणि वारंवार दुमडतात. ९ थरांचा ठोकळा पाच वेळा दुमडला की थरांची संख्या २८८ होते. तयार पाते आम्लधर्मी द्रावणात बुडवल्यावर निकेलयुक्त थर उजळ राहतात, तर उरलेले थर काळवंडतात आणि नक्षी प्रकट होते. ठोकळा पिळून किंवा त्याला खाचा पाडून नक्षीचे स्वरूप बदलता येते.

या पोलादाला ‘दमास्कस’ म्हटले जात असले, तरी ते दक्षिण भारतातील वुट्झ पोलादाहून भिन्न आहे. वुट्झ मुशीत वितळवून तयार होत असे आणि त्यावरील लहरींची नक्षी थर सांधल्याने नव्हे, तर धातूच्या अंतर्गत स्फटिकरचनेतून उमटत असे.

मुठीसाठी मोत्याचा शिंपला, शिंगे, कठीण लाकूड किंवा मॅमथ या नामशेष प्राण्याचे सुळे वापरतात. पात्याच्या पाठीवर कानशीने वेलबुट्टी काढण्याची पद्धतही प्रचलित आहे.

## प्रदर्शने

अमेरिकेतील अटलांटा येथे दरवर्षी भरणारा ‘ब्लेड शो’ हा या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध मेळावा आहे. तेथे कारागीर स्वतः आपल्या मेजामागे उभे असतात. त्यामुळे सुरी कशी घडली, हे ग्राहकाला थेट विचारता येते. संग्राहक फिल लोब्रेड यांनी १९८३ मध्ये सुरू केलेले ‘आर्ट नाइफ इन्व्हिटेशनल’ हे प्रदर्शन मात्र सुमारे २५ निमंत्रित कारागिरांपुरतेच मर्यादित होते.

मागणी असलेल्या सुरीसाठी अनेक ग्राहक असल्यास काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून खरेदीदार ठरवला जातो. प्रदर्शनांचे काही संकेतही रूढ आहेत. सुरी उचलण्यापूर्वी कारागिराची परवानगी घेतली जाते. बोटांवरील घामातील क्षारांमुळे गंज चढू शकत असल्याने पात्याला स्पर्श टाळला जातो. परत देताना मूठ समोरच्याकडे केली जाते.

## परीक्षण

जाणकार प्रथम अलंकरणाकडे नव्हे, तर मूलभूत घडणीकडे पाहतात. पात्याचे दोन्ही उतार सारखे आहेत का, खंजिराची मधली कड टोकापर्यंत सरळ जाते का, पाते आणि मूठ यांच्या सांध्यातून प्रकाश दिसतो का, हे तपासले जाते. घडीच्या सुरीत पाते मिटल्यावर बरोबर मध्यभागी बसावे आणि उघडल्यावर डगमगू नये, अशी अपेक्षा असते.

‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’च्या ‘मास्टर स्मिथ’ या पदवीसाठी उमेदवाराला किमान ३०० थरांचे पाते घडवावे लागते. त्या पात्याने सुमारे २.५ सेंटिमीटर जाडीचा लोंबता दोर एका घावात कापावा लागतो आणि लाकडाच्या फळ्या तोडाव्या लागतात. त्यानंतरही त्याच धारेने हातावरील केस निघावे लागतात. अखेरीस पाते न मोडता ९० अंशांत वाकवले जाते. ही चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच उमेदवाराच्या सुबक सुऱ्या परीक्षक मंडळापुढे मांडल्या जातात. त्यांत नक्षीदार पोलादाचा एक खंजीरही असावा लागतो. चाचणीतील पाते निकामी होते. पण प्रदर्शनातील न वापरलेल्या सुरीच्या गुणवत्तेची खात्री त्यातूनच मिळते.

## वाद

सजावट किती असावी, याबाबत मतभेद आहेत. बस्टर वॉरेन्स्की यांनी लोब्रेड यांच्यासाठी तुतनखामेनच्या खंजिराची सोन्याच्या पात्याची प्रतिकृती घडवली. सोने मऊ असल्याने त्यावर टिकाऊ धार येत नाही. अशा कृतींना काही जण या कलेचा कळस मानतात, तर काहींच्या मते कापू न शकणारी वस्तू म्हणजे सुरीच्या आकाराचा दागिना होय.

दुसरा वाद साहित्याचा आहे. हत्तींच्या संरक्षणासाठी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आली. २०१६ मध्ये अमेरिकेनेही आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. अनेक कारागीर पर्याय म्हणून मॅमथच्या सुळ्यांकडे वळले. परंतु दोन्हींत फरक करणे अवघड असल्याच्या कारणाने कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी त्यांच्या विक्रीवरही निर्बंध घातले. परिणामी जुन्या संग्रहांतील काही सुऱ्या बाळगता येत असल्या, तरी त्या राज्यांत त्यांची विक्री करता येत नाही.