एचएसजी: 'नळ्यांची तपासणी' किती दुखते आणि आधी काय तयारी करायची?

मूल हवंय पण दिवस राहत नाहीत, म्हणून डॉक्टरांकडे गेलं की सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्यांनंतर बऱ्याचदा एका कागदावर तीन अक्षरं लिहून मिळतात. एचएसजी. बायका तिला 'नळ्यांची तपासणी' किंवा 'ट्यूब टेस्ट' म्हणतात. पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयापासून कर्वे रोड, टिळक रोडवरच्या खाजगी सेंटरपर्यंत ती केली जाते. चिठ्ठी मिळाल्यावर मोबाइलवर शोधलं की दोन टोकाचे अनुभव वाचायला मिळतात: 'काहीच कळलं नाही' आणि 'जीव गेला असं वाटलं'. दोन्ही खरे असू शकतात. फरक शरीराचा असतो, आणि बराचसा तयारीचाही.

नेमकं करतात काय?

एचएसजी म्हणजे हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी. गर्भाशय आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या गर्भनलिका साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून गर्भाशयात आयोडिनयुक्त डाय सोडतात आणि तो पुढे सरकत असताना एक्स-रे काढतात. डाय नळ्यांच्या टोकातून पोटात सांडला तर नळ्या मोकळ्या. कुठे अडला तर तिथे अडथळा असू शकतो.

त्यासाठी एक्स-रेच्या टेबलावर गुडघे दुमडून झोपावं लागतं. योनीमार्गात स्पेक्युलम घालतात, गर्भाशयाचं तोंड जंतुनाशकाने स्वच्छ करतात आणि त्यातून बारीक नळी आत सरकवतात. काही वेळा गर्भाशयाचं तोंड चिमट्यासारख्या उपकरणाने धरावं लागतं, तेव्हा टोचल्यासारखं होतं. काही ठिकाणी टोकाला छोटा फुगा असलेली नळी वापरतात. फुगा फुगवताना आणि डाय आत ढकलताना पाळीत येते तशी, कधी त्याहून जोरात, कळ येते. हा भाग काही मिनिटांचा असतो. पूर्ण तपासणी साधारण अर्ध्या तासात आटोपते.

तारीख पाळीवरून ठरते

पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरून साधारण सातव्या ते अकराव्या दिवसादरम्यान, रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर एचएसजी करतात. स्त्रीबीज बाहेर पडण्याआधीचा हा काळ, म्हणजे गर्भ राहिलेला असण्याची शक्यता जवळपास नसते. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध ठेवू नका असं सांगतात. पाळी अनियमित असेल किंवा शंका असेल तर आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करतात.

हाती दिवस कमी असतात आणि बहुतेक ठिकाणी ही तपासणी अपॉइंटमेंट घेऊनच होते. त्यामुळे पाळी आली त्याच दिवशी सेंटरला फोन केलेला बरा. मध्ये रविवार किंवा सण आला तर अख्खा महिना पुढे जातो. फोनवरच डाय आणि फिल्म धरून एकूण खर्च किती, आणि तपासणी कोण करणार, हेही विचारून घ्यावं.

'थोडं सहन करा'च्या आधी

वेदनेबद्दल आधीच बोलणं हा तयारीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. अनेक डॉक्टर तपासणीच्या अर्धा ते एक तास आधी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घ्यायला सांगतात. सांगितलं नसेल तर विचारा. मात्र अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा गोळ्यांची अ‍ॅलर्जी असेल तर मनाने गोळी घेऊ नका. काहींना आधी अँटिबायोटिक दिलं जातं, विशेषतः पूर्वी ओटीपोटात संसर्ग झाला असेल तर.

एरवी सांगायला संकोच वाटतो अशा काही गोष्टी इथे स्पष्ट सांगाव्यात. संबंधांच्या वेळी खूप दुखतं का, आधी स्पेक्युलम तपासणी जमली नव्हती का, पाळीत प्रचंड कळा येतात का. हे माहीत असेल तर लहान स्पेक्युलम वापरता येतो, वेळ देता येतो, गरज पडली तर भूल देऊन तपासणी करण्याचा विचार होतो. अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणं, ताप, ओटीपोटात नव्याने सुरू झालेलं दुखणं असेल तर तपासणी पुढे ढकलावी लागते. आयोडिनच्या डायची अ‍ॅलर्जी, थायरॉइडचा आजार आणि पूर्वी झालेला टीबी हेही सांगायलाच हवं. जननमार्गाचा टीबी हे भारतात नळ्या बंद होण्याचं एक महत्त्वाचं कारण आहे, आणि अनेकदा त्याची बाहेरून काहीच लक्षणं दिसत नाहीत.

तपासणी पुरुष डॉक्टर करणार असतील तर खोलीत सिस्टर किंवा दुसरी स्त्री असावी, असा आग्रह धरता येतो. महाराष्ट्रात २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, त्यात हा हक्क आहे. सोबत आलेल्या नातेवाइकांना मात्र एक्स-रे चालू असताना बाहेर थांबवतात, ते किरणोत्सर्गामुळे. आणि टेबलावर झोपल्यावरही 'थांबा' म्हणता येतं. संमतीपत्रावर सही केली म्हणून तो हक्क जात नाही.

त्या दिवशी

भूल देणार नसतील तर सहसा उपाशी राहावं लागत नाही. हलकं खाऊन गेलेलं चांगलं, रिकाम्या पोटी चक्कर येण्याची शक्यता वाढते. सैल कपडे, पिशवीत दोन सॅनिटरी पॅड, आणि आधीचे सगळे रिपोर्ट. टेबलावर जाण्याआधी लघवी करून यावं. डाय जाताना श्वास रोखून धरला की ओटीपोटाचे स्नायू आवळतात. सावकाश श्वास सोडत राहिलं तर थोडं सोपं जातं.

पुण्यात बायका सगळीकडे स्वतःच्या दुचाकीवरून जातात, पण या दिवशी नको. तपासणीनंतर काही वेळ कळा, मळमळ किंवा गरगरणं होऊ शकतं. अशा अवस्थेत सिग्नल आणि खड्डे पार करत घर गाठण्यापेक्षा रिक्षा बरी, आणि सोबत कुणीतरी असलेलं आणखी बरं. ऑफिसला अर्धा दिवस तरी सुट्टी टाकावी.

एक-दोन दिवस डायचा चिकट स्राव आणि थोडे रक्ताचे डाग जाणं नेहमीचं आहे. त्यासाठी पॅड वापरावं, टॅम्पॉन किंवा कप नको. ताप, वाढत जाणारं दुखणं, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव झाला तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं. संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर नळ्यांनाच इजा करू शकतो.

नवऱ्याची तपासणी झाली का?

मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाशी संबंधित कारणाचा वाटा असतो. वीर्याची तपासणी सोपी आहे, दुखत नाही, आणि त्यासाठी फक्त २ ते ७ दिवसांचा संयम लागतो. तरीही अनेक घरांत बायकोची एचएसजी आधी होते आणि नवऱ्याची तपासणी 'बघू नंतर'वर राहते. हा क्रम उलटा आहे. वीर्यात मोठा दोष निघाला तर उपचारांची दिशाच बदलते, कधी एचएसजीची गरजही उरत नाही. त्यामुळे चिठ्ठी हातात आली की डॉक्टरांना हा प्रश्न तिथेच विचारावा.

'डायने नळ्या साफ होतात' हे खरं आहे का?

ही निव्वळ ऐकीव गोष्ट नाही. नेदरलँड्समध्ये १,११९ महिलांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेलयुक्त डाय वापरलेल्या गटात सहा महिन्यांत ३९.७ टक्के महिलांना गर्भधारणा झाली, तर पाण्यात विरघळणाऱ्या डायच्या गटात २९.१ टक्के. पण या ३९ वर्षांखालच्या, नळ्या खराब असण्याचा धोका कमी असलेल्या महिला होत्या. त्यामुळे एचएसजी हा उपचार समजून करू नये.

रिपोर्टमध्ये 'बायलॅटरल फ्री स्पिल' असेल तर दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत. 'कॉर्नुअल ब्लॉक' वाचून मात्र लगेच खचायचं कारण नाही. दुखण्याने आणि ताणाने नळीच्या सुरुवातीचा भाग आवळला जातो, डाय पुढे जात नाही, आणि मोकळी नळीही बंद दिसते. अशा वेळी डॉक्टर पुन्हा तपासणी किंवा लॅप्रोस्कोपी सुचवू शकतात. त्यांना नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, मूळ फिल्म बघाव्या लागतात, म्हणून सेंटरमधून निघताना त्या किंवा त्यांची सीडी मागून घ्यावी.