एदिर्नेच्या दारुश्शिफेतील वादक

व्याधिग्रस्त मनुष्याला औषधाबरोबर स्वरांचाही आधार द्यावा, हा विचार अनेक प्राचीन संस्कृतींच्या ग्रंथांत आढळतो. परंतु त्या विचारासाठी इमारतीत जागा राखणे, वादकांच्या रीतसर नेमणुका करणे आणि त्यांच्या हजेरीचे वार ठरवून देणे, हे ज्या मोजक्या स्थळी घडले, त्यांत तुर्कस्तानच्या युरोपीय भागातील एदिर्ने या शहराचे नाव आदराने घ्यावे लागते.

इस्तंबूल हाती येण्यापूर्वी जे उस्मानी सुलतानांचे राजधानीचे नगर होते, त्या एदिर्नेत तुंजा नदीच्या काठी सुलतान दुसरा बायझिद याने 1484 मध्ये एका विस्तीर्ण धर्मादाय संकुलाचा पाया घातला आणि 1488 मध्ये ते पूर्णत्वास गेले. मशीद, वैद्यकाची पाठशाळा, अन्नछत्र आणि दारुश्शिफा म्हणजे रुग्णालय, अशा या साऱ्या पसाऱ्याचा खर्च वक्फाच्या उत्पन्नातून चालत असे. रुग्णांचे मुख्य दालन षट्कोनी असून त्यावर घुमट, घुमटाखाली मध्यभागी कारंजे आणि सभोवार खोल्या व उघड्या ओवऱ्या अशी त्याची मांडणी आहे. त्यामुळे एका ओवरीत छेडलेला स्वर, पाण्याच्या संथ नादात मिसळून, दालनातील प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचत असे.

सतराव्या शतकाच्या मध्यास येथे आलेल्या एवलिया चेलेबी या प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात या व्यवस्थेचे सविस्तर वृत्त दिले आहे. त्याच्या कथनानुसार बायझिदाने वक्फाच्या दस्तऐवजातच दहा कलावंतांची तजवीज केली होती. त्यांत तीन गायक होते, तर उरलेले सात जण नेय, संतूर, ऊद, चंग आदी वाद्ये वाजवणारे होते, आणि आठवड्यातून तीन वेळा रुग्णांपुढे व वेड लागलेल्यांपुढे त्यांचे गायनवादन होई. रास्त, नवा, सेगाह अशा कोणत्या मकामांनी, म्हणजे रागांसारख्या स्वररचनांनी, रुग्णांना आराम पडतो, हेही तो नोंदवतो. सुगंधी फुले रुग्णांच्या हाती देण्याची चालही तेथे होती.

ही केवळ राजाची हौस नव्हती. अकराव्या शतकात इब्न सीना या हकीमाने आपल्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात, नाडीच्या ठोक्यांतही कालाची व बलाची प्रमाणे असतात आणि म्हणून नाडीचे स्वरूप संगीतासारखे आहे, असे प्रतिपादन केले होते. ज्या वैद्यपरंपरेने हृदयाच्या स्पंदनात लय ओळखली, तिने बाहेरच्या लयीने त्या स्पंदनाला शांत करण्याचा यत्न करावा, हे स्वाभाविकच होते. मकाम कोणत्या प्रहरी आणि कोणत्या प्रकृतीला मानवेल, याचाही विचार उस्मानी हकीम करीत. रागांची वेळ पाळणाऱ्या आपल्या श्रोत्यांना हे परके वाटू नये.

1877-78 च्या रशिया-तुर्की युद्धात एदिर्ने रशियन फौजांच्या ताब्यात गेले आणि त्या उलथापालथीत या रुग्णालयाचे पूर्वीचे वैभव लयास गेले. पुढे त्राक्या विद्यापीठाने ही वास्तू सांभाळली व 1997 मध्ये तेथे आरोग्यविषयक संग्रहालय उघडले. 2004 मध्ये त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार लाभला.

शरीरातील दोषांविषयीची जुन्या हकीमांची मीमांसा आजचे आधुनिक वैद्यक मानत नाही. मात्र त्यांच्या अनुभवाचा गाभा प्रयोगाच्या कसोटीवर टिकला आहे. इटलीतील पाविया येथील लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 24 व्यक्तींना, भारतीय रागसंगीतासह, सहा प्रकारचे संगीत ऐकवले. द्रुत लयीने श्वसन, रक्तदाब व हृदयगती वाढली, आणि संगीतामध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या विरामात हृदयगती व रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीच्या पातळीहूनही खाली उतरले.

संगीत हे औषधाची जागा घेऊ शकत नाही, आणि एदिर्नेच्या रुग्णालयाच्या संस्थापकांनीही तसे मानले नाही. त्यांनी वैद्य आणि वादक दोघांनाही एकाच संस्थेच्या सेवेत घेतले. आपल्याकडील धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांनी हृदयरुग्णांच्या कक्षासाठी वार्षिक अंदाजपत्रक करताना एखाद्या संथ आलापी करणाऱ्या कलावंताच्या वेतनाचीही तरतूद करावी. पाचशे वर्षांपूर्वी जे साधले, ते आज अशक्य नाही.