काशीची वही आणि आपली माहिती
काशीच्या घाटावर आलेल्या मराठी यात्रेकरूला तीर्थोपाध्याय आधी गाव आणि आडनाव विचारत. मग वही उघडून आजोबांचे नाव, यात्रेची तिथी, कधी त्यांच्याच हातची सही दाखवत. परक्या गावी विश्वास बसे तो इथेच. पण लक्षात घ्या : ही यजमानवृत्ती वारशाने मिळे, वाटणीत विभागली जाई, विकलीही जाई. नाव लिहून देणारा यजमान त्या व्यवहारात कुठेच नसे. पुढे वारसाहक्काच्या दाव्यांत अशा वह्या पुरावा म्हणून न्यायालयांतही आल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मोबाइलवरील अ‍ॅपला संमती देताना तुम्हीही तपासा : माहिती कशासाठी दिली आणि ती पुढे कोणाच्या हाती जाईल?