‘प्रोटेक्टर’ जहाज आणि सुवर्णदुर्गाचा पाडाव

तुळाजी आंग्रे यांच्या पाडावाविषयीं लिहितांना सर्व यश इंग्रजांच्या तोफांस आणि सर्व दोष नानासाहेब पेशव्यांस देण्याची वहिवाट पडली आहे. दोषाचा भाग आम्हांस बराच मान्य आहे. यशाचा मात्र तपासून घेतला पाहिजे. त्याकरितां ‘प्रोटेक्टर’ या एकाच जहाजाची कामगिरी आम्ही येथें पाहतों.

कान्होजींनीं इ. स. १७१३ मध्यें शाहू महाराजांचा पक्ष धरल्यापासून त्यांची सरखेली सातारच्या गादीची होती. पुढें तुळाजी पेशव्यांस जुमानीनासे झाले, तेव्हां रामाजी महादेव यांच्यामार्फत मुंबईकरांशीं बोलणें होऊन ता. १९ मार्च १७५५ रोजीं तह ठरला. बाणकोट इंग्रजांस द्यावें व आरमारी हुकमत त्यांचीच असावी, हें त्यांत कबूल केलें होतें. तीन दिवसांनीं कमोडोर जेम्स मुंबईहून निघाला. ‘प्रोटेक्टर’वर ४४ तोफा, सोबत १६ तोफांचें एक गलबत व उखळी तोफांचीं दोन, त्याचें आरमार एवढेंच. वाटेंत आंग्र्यांचा ताफा दिसला व पाठलाग झाला. वारा इतका मंद होता कीं, पळणाऱ्या खलाशांनीं अंगावरचे कपडे व पागोटींसुद्धां वाऱ्यावर पसरलीं, असें ऑर्म लिहितो. ताफा निसटला.

एप्रिलच्या आरंभीं सुवर्णदुर्गावर मारा सुरू झाला. पहिल्या दिवशीं समुद्राकडील अंगावर सुमारें ८०० गोळे पडले, पण तट ढळला नाहीं. किल्ल्यांतून पळून आलेल्या एका इसमानें सांगितलें कीं, त्या बाजूचा तट मूळ खडकांतच कोरलेला असून तेथें खिंडार पडणें अशक्य आहे. आमच्या मतें ही बातमी त्या ८०० गोळ्यांहून मोलाची होती. मग जेम्सनें जहाज बेट व किनारा यांमधल्या चिंचोळ्या पाण्यांत आणून किल्ल्यापासून सुमारें १०० यार्डांवर नांगरलें. एका हातास सुवर्णदुर्ग, दुसऱ्यास किनाऱ्यावरील गोवा किल्ला. दुपारीं एक गोळा गवती छपरावर पडून आग लागली, ती दारूकोठारास भिडली, आणि आंतील माणसें होड्यांतून पळूं लागलीं. तात्पर्य, किल्ला पडला तो तट फुटून नव्हे.

डिसेंबर १७५५ मध्यें याच जहाजानें विजयदुर्गाची टेहळणी केली. मोठीं जहाजें तटाजवळ जाऊं शकतील इतकें पाणी तेथें आहे, हें जेम्सनें कळविलें. त्या भरंवशावर वॉटसनचें आरमार फेब्रुवारी १७५६ मध्यें आंत शिरलें व ता. १२ रोजीं आंग्र्यांचीं जहाजें जळून गेलीं. तीं जहाजें मराठी दर्याची शक्ति होती. विजयदुर्ग मात्र पेशव्यांस मिळण्यास ऑक्टोबरांतील तहापर्यंत वाट पाहावी लागली.

सुवर्णदुर्गीं पेशव्यांची फौज दोन मैलांवरून एका लहान तोफेनें गोवा किल्ल्यावर मारा करीत होती, असें ऑर्म म्हणतो. हा एकपक्षीय लेख आहे. लोणंद, शिरवळ, वाई या बाजूच्या घराण्यांच्या दफ्तरांत १७५५ च्या कोंकणस्वारीचे रोजमुरे वा हिशेब असल्यास संग्राहकांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे अवश्य पाठवाव्या.