फॉन सालिस घराणे : पदवी आणि सत्ता

प्रस्तावना :
युरोपातील सरदारकी सामान्यतः राजसत्तेच्या आश्रयाने वाढली. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात मात्र राजाच नव्हता. अशा प्रदेशात वंशपरंपरागत पदवीला काय अर्थ होता, हे समजून घेण्यासाठी फॉन सालिस घराण्याचा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

सत्तेचा पाया :
ब्रेगाल्या खोऱ्यातील सोल्यो हे गाव या घराण्याचे प्रमुख स्थान होते. हा भाग आज ग्राउब्युंडेन प्रांतात मोडतो. त्या काळी तेथे ‘तीन संघां’चे राज्य होते व ग्रामसभांना मोठे अधिकार होते. १५१२ मध्ये या संघांनी वाल्तेल्लीना प्रदेश ताब्यात घेतला. तेथील लाभदायक अधिकारपदे, परकीय राजांकडील लष्करी सेवा आणि त्यांच्याकडून मिळणारी वर्षासने यांवर सालिस घराणे बलाढ्य झाले. प्लांटा घराणे त्याचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते. तात्पर्य, काउंट पदवी मिळण्यापूर्वीच हे घराणे सत्ताधारी बनले होते.

पदवीची प्राप्ती :
१७४८ मध्ये पवित्र रोमन सम्राट पहिला फ्रान्सिस याने पीटर फॉन सालिस यास काउंट ही पदवी वंशपरंपरेने बहाल केली. पीटरचा पुत्र जेरोम याने इंग्लंडमधील व्हायकाउंट फेन यांच्या कन्येशी विवाह केला. त्यामुळे या शाखेचे इंग्लंडशी नाते दृढ झाले. पुढे १८०९ मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या राजाज्ञेने ही परकीय पदवी ब्रिटनमध्ये वापरण्यास अनुमती मिळाली.

सत्तेचा ऱ्हास :
तत्पूर्वीच, १७९७ मध्ये, नेपोलियनने वाल्तेल्लीना सिसाल्पाइन प्रजासत्ताकास जोडला. तेथील ग्राउब्युंडेनवासीयांच्या मालमत्ता जप्त झाल्या आणि घराण्याचा आर्थिक कणा मोडला. १८४७ च्या यादवीत कॅथलिक प्रांतांच्या सैन्याचे नेतृत्व योहान उलरिख फॉन सालिस-सोल्यो या प्रोटेस्टंट सेनानीने केले. जनरल द्युफूरच्या संघीय सैन्यापुढे त्याचा पराभव झाला. १८४८ च्या संविधानाने जन्म व घराणे यांवर आधारित सर्व विशेषाधिकार अमान्य केले.

निष्कर्ष :
सालिसांची सत्ता पदवीतून निर्माण झाली नव्हती. पदवी ही आधीच प्रस्थापित सत्तेवर उमटलेली बाह्य मोहोर होती. सत्तेचा पाया ढासळल्यावर मायदेशात ती मोहोर निरुपयोगी ठरली, तर ब्रिटनमध्ये ती प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून टिकली. म्हणून घराण्यांच्या इतिहासात वंशावळीइतकाच महसूल, अधिकारपदे व भूस्वामित्व यांचा शोध घेणे अगत्याचे आहे.