आमद, सलामी आणि परीक्षेची वही

आमच्या शेजारची एक मुलगी कथकच्या विशारद परीक्षेची तयारी करत होती. एका संध्याकाळी वही घेऊन आली आणि म्हणाली, “काका, ‘आमद’ म्हणजे नक्की काय हो? आणि ‘सलामी’?”

मी पडलो कवी. नाचाशी माझा संबंध वरातीपुरताही नाही. पण आमच्या घरात उर्दू बोलली जाते, हे तिला ठाऊक होते. मी सांगितले, आमद म्हणजे येणे, आगमन. आपली ‘आमदनी’ त्याच घरातली, आणि ‘खुशामत’सुद्धा. मैफलीत नर्तकाचा प्रवेश होतो ती आमद, आणि जो तुकडा सलाम करून संपतो ती सलामी. मुलगी खूश झाली. “सात वर्षं नाचतेय, पण हे कुणी सांगितलंच नव्हतं,” म्हणाली.

मग मी सहज तिची वही चाळली. इतिहासाच्या प्रश्नाखाली गाईडमधून उतरवलेले उत्तर होते. प्राचीन काळी नृत्य मंदिरात होते, मुसलमानी अमलात ते दरबारात गेले आणि त्याची अधोगती झाली, अशा अर्थाचे. पुढच्याच पानावर आमद आणि सलामीचे बोल सुवाच्य अक्षरात लिहिलेले. दोन्ही पाने एकमेकांना ओळखत नव्हती.

परीक्षा झाली की ही मुलगी स्वतःचा क्लास काढणार होती. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. उद्या जो नृत्य शिकवणार, त्याला आज आपण काय शिकवतो? आणि ते ठरवले कोणी?

शोधू लागलो तर सुरुवातीलाच दोन मराठी माणसे भेटली. पूर्वी विद्या घराण्यात असे. गुरूने गंडा बांधायचा, शिष्याने घरात राहायचे, गुरू देईल तेव्हा आणि देईल तेवढे घ्यायचे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि सामान्य घरातल्या मुलांना संगीताचे दार उघडले. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या मंडळाच्या परीक्षा आज गावोगावी होतात. दुसरे पं. विष्णु नारायण भातखंडे. उस्तादांच्या घरोघरी हिंडून त्यांनी चिजा जमवल्या, क्रमिक पुस्तके केली. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले त्यामागे त्यांचीच दृष्टी होती.

हे दोघे गाण्याचे. पण नृत्याचा अभ्यासक्रम पुढे त्यांच्याच साच्यात ओतला गेला. वर्षवार परीक्षा, एक प्रात्यक्षिक, एक लेखी. आजही कथकची विद्यार्थिनी तोडे-तुकडे ताललिपीत लिहिते, समेला आणि खालीला खुणा करते. मॅरिस कॉलेजात पं. मोहनराव कल्याणपूरकर कथक शिकवत. पुण्यात १९४७ साली नृत्यभारती सुरू करणाऱ्या रोहिणी भाटे त्यांच्याकडे आणि लच्छू महाराजांकडे शिकल्या.

या व्यवस्थेचे उपकार मोठे आहेत. चांगल्या घरच्या मुलींनी नाचू नये असे म्हणणाऱ्या समाजात, हातात प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षेने नृत्याला प्रतिष्ठा दिली. डॉ. कनक रेळे यांनी १९७२ मध्ये मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय काढले आणि नृत्यात विद्यापीठाची पदवी घेता येऊ लागली. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा अभ्यासक्रम घडवण्यात रोहिणीताईंचा हात होता. त्यांनी ‘अभिनयदर्पण’ संपादले, आणि इझाडोरा डंकनचे आत्मचरित्रही मराठीत आणले. शिक्षकाची नजर केवढी रुंद असावी याचा हा नमुना आहे.

पण प्रतिष्ठेची किंमतही मोजावी लागली. नृत्य सभ्य घरात यायचे तर ज्या कोठ्यांतून ते आले त्यांचे नाव काढायचे नाही, असा अलिखित करार झाला. लेखी परीक्षेत त्याची दोन वाक्ये झाली. एक प्राचीन वैभवाचे, दुसरे मधल्या अधोगतीचे.

आता लखनौकडेच पाहा. अवधचे शेवटचे नवाब वाजिदअली शाह. इंग्रजांनी १८५६ मध्ये त्यांचे राज्य घेतले आणि ते कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिले. तिथे त्यांनी १८७७ साली ‘बनी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात नाचाची, गतींची, रहसची माहिती आहे. याच नवाबाने राधा-कन्हैयाची कथा घेऊन रहस रचले होते. बिंदादीन महाराजांसारख्या गुरूंनी कृष्णाच्या ठुमऱ्या बांधल्या, आणि कथक घराण्यांच्या गुरूंकडे तवायफाही शिकल्या. भाव दाखवण्याची कला या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. कॅनडातील संशोधक मार्गारेट वॉकर यांनी तर २०१४ च्या आपल्या पुस्तकात, आपण ज्याला कथक म्हणतो ते अनेक प्रवाहांतून घडत घडत विसाव्या शतकात या रूपाला आले, असे मांडले आहे.

मंदिरातला कथेकरी खोटा आणि दरबार तेवढा खरा, असे मला म्हणायचे नाही. दोघांनाही पानावर जागा हवी, एवढेच म्हणणे आहे.

तुम्ही म्हणाल, लेखी परीक्षा कोण मनावर घेतो? नर्तकी ते उत्तर लिहून विसरते, हे खरे. शिक्षिका मात्र विसरत नाही. तिच्याकडे आठ वर्षांची मूल येते, तेव्हा ते वाक्य तिच्या तोंडून पुन्हा बाहेर पडते. आणि असे शिक्षक आता अधिक लागणार आहेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमावलीत सादरीकरणाच्या कलांसाठी वेगळ्या पदविकेचे निकष घातले. २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्याने शाळेत कलाशिक्षणाला स्वतंत्र विषयाचे स्थान दिले.

तेव्हा हा अभ्यासक्रम आखणाऱ्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, नाचता येणे आणि नाच शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढत्या वयाचे गुडघे-घोटे किती तत्कार सोसतात, भित्र्या मुलाला उभे कसे करायचे, हेही शिकवा. दुसरी, प्रत्येक बोलाबरोबर त्या शब्दाचा अर्थ आणि त्याचे गाव सांगा. आणि तिसरी, इतिहास पाठ करायला देऊ नका. ‘बनी’मधला उतारा आणि ‘अभिनयदर्पणा’तला श्लोक शेजारी शेजारी ठेवा आणि विद्यार्थ्यांनाच विचारू द्या.

त्या संध्याकाळी मुलीने विचारले, “मग काका, पेपरात काय लिहू?” मार्कांचा प्रश्न होता. मी म्हटले, “पुस्तकातले लिही, आणि खाली वाजिदअलींच्या ग्रंथाचे नाव व साल घाल. परीक्षक वाचेल तरी.” ती पास झाली. त्या चार ओळींना गुण मिळाले की नाही, ते काही कळले नाही.

आता खालच्या मजल्यावर तिचा क्लास भरतो. परवा जिना उतरताना ऐकले, ती लहान मुलींना विचारत होती, “आमद म्हणजे काय गं?” सगळ्या एका सुरात ओरडल्या, “येणे!”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)