नदीकडे पाठ करून वसलेली पेठ

शिरोळ तालुक्यातली जुनी गावे पाहायची तर नदीचा काठ सोडता येत नाही. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी, पलीकडे कुरुंदवाड, आणखी खाली शिलाहारकालीन कोपेश्वराचे मंदिर असलेले खिद्रापूर. पाणी, घाट, देऊळ आणि काळी जमीन या चार गोष्टींवर इथल्या वस्त्या उभ्या राहिल्या. तालुक्यातले सर्वांत मोठे शहर मात्र यांपैकी एकाही कारणाने वसलेले नाही. जयसिंगपूर कोणत्याही घाटावर नाही, तिथे प्राचीन देवस्थान नाही, आणि त्याचे वय जेमतेम शंभर वर्षांच्या पुढे जाते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी ही पेठ वसवली आणि तिला आपले जनक पिता, कागलचे जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. गावाच्या इतिहासात हे वाक्य नेहमी पहिले येते आणि बहुधा शेवटचेही ठरते. संस्थापकाचे नाव सांगितले की सगळे सांगून झाले असे आपल्याकडे मानतात. पण महाराजांनी नेमके काय वसवले आणि ते याच जागी का, हे पाहिल्याशिवाय आजचे जयसिंगपूर कळत नाही. माझ्या मते ते शेतीच्या गावातून फुगत गेलेले शहर नसून संस्थानाच्या कडेवर विचारपूर्वक मांडलेला बाजार आहे, आणि तिथल्या समाजजीवनाचे बरेवाईट विशेष त्या मांडणीतून आले आहेत.

आधी जागा पाहू. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी रेल्वे 1891 साली सुरू झाली. 1888 मध्ये तिच्या कामाचा आरंभ शाहूंच्या हस्ते झाला तेव्हा ते चौदा वर्षांचेही नव्हते. कृष्णा ओलांडून गाडी संस्थानाच्या मुलखात शिरली की जे स्टेशन लागे त्याचे नाव होते शिरोळ रोड. रेल्वेच्या रिवाजाप्रमाणे याचा अर्थ एवढाच, की गाव इथे नाही, गावाला जायची वाट इथून आहे. शिरोळ तिथून सात-आठ किलोमीटर आत. म्हणजे पेठेच्या आधी जवळपास पाव शतक इथे रेल्वे होती आणि शेजारी उदगावसारखे जुने गावही होते, तरी शहर उभे राहिले नव्हते. रेल्वे आली म्हणून जयसिंगपूर झाले, असे म्हणणाऱ्यांनी ही मधली वर्षे लक्षात घ्यायला हवीत. याच मार्गावर रुकडी आणि हातकणंगले ही स्टेशनेही आहेत. त्यांना तोच रूळ आणि तीच गाडी मिळाली, पण त्यांची अशी पेठ झाली नाही.

फरक पडला तो सीमेमुळे. नदीपलीकडे पटवर्धनांची सांगली आणि मिरज, दक्षिणेला पटवर्धनांचेच कुरुंदवाड. कोल्हापूर संस्थानाचा हा कोपरा दुसऱ्यांच्या मुलखाने वेढलेला होता. सांगलीची हळदीची आणि गुळाची बाजारपेठ दहा-बारा किलोमीटरवर, तर कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर दूर. शिरोळ भागातल्या शेतकऱ्याने गाडी जुंपली तर बैल सांगलीकडे वळणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. माल गेला की त्यावरची दलाली, तोलाई, हमाली आणि वखारीचे भाडेही गेले. 1895 मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची गुळाची पेठ वसवणाऱ्या आणि 1906 मध्ये शाहू मिलचा पाया घालणाऱ्या राज्यकर्त्याच्या नजरेतून ही गळती सुटणे कठीण होते. जयसिंगपूरकडे त्या धोरणाचा पुढचा टप्पा म्हणून पाहिले की जागेची निवड आपोआप उलगडते: रेल्वे आहे, सांगलीचा रस्ता आहे, आणि संस्थानाची हद्द संपायच्या आत आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. पेठ कोणीही आखावी. पण कृष्णाकाठची काळी जमीन नसती तर तिथे विकायला काय आले असते? आक्षेप निम्मा खरा आहे. तंबाखू, भुईमूग, मिरची, गूळ आणि नंतर ऊस हे या मातीचेच देणे. परंतु ही माती कुरुंदवाडलाही होती आणि शिरोळलाही. शिरोळ तर तालुक्याचे ठिकाण, कचेरी तिथेच, तरी ते अगदी अलीकडेपर्यंत ग्रामपंचायतीचे गाव राहिले. तालुक्याची कृषी उत्पन्न बाजार समिती मात्र जयसिंगपुरात आहे. सत्तेचे कागद एकीकडे आणि मालाचा सौदा दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. पीक जमिनीने दिले, पण ते कुठे मोजायचे हे जमिनीने ठरवले नाही. दुसरी कसोटी विलीनीकरणाची. मार्च 1948 मध्ये पटवर्धनी संस्थाने आणि मार्च 1949 मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले. सीमा पुसली गेली, तेव्हा केवळ दरबारी आश्रयावर उभी असलेली पेठ ओसरायला हवी होती. जयसिंगपूर उलट वाढत गेले, कारण तोवर कडेचे ते मध्य झाले होते: एका बाजूला सांगली-मिरज, दुसऱ्या बाजूला इचलकरंजी आणि कोल्हापूर, आणि मधोमध ही पेठ.

आखणीचा ठसा समाजावर कसा उमटला, हा मला अधिक महत्त्वाचा भाग वाटतो. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे रस्ते, आणि गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक. पत्ता अजूनही 'गल्ली नंबर' म्हणून सांगितला जातो. जुन्या गावात आळीचे नाव जातीवरून किंवा धंद्यावरून पडते. कुंभारवाडा म्हटले की कोण राहतो हे विचारावे लागत नाही. क्रमांक काहीच सांगत नाही. इथे पाटलाचा वाडा नव्हता, वेस नव्हती, बलुत्याची पिढीजात घडी नव्हती. भोवतालच्या गावांतले जैन आणि मराठा शेतकरी, गुजराती-मारवाडी व्यापारी, अडते, हमाल, कारागीर, सगळे बाहेरून आलेले. कोणाचे घराणे आधीचे, हा वाद इथे फार मागे नेता येत नाही. याचा अर्थ क्रमांकाने जात पुसली, असा काढू नये. कोण कोणाच्या शेजारी जागा घेतो, कोण वखारीचा मालक होतो आणि कोण त्याच वखारीत पोती उचलतो, हे रस्ता सरळ असल्याने बदलत नाही. शाहूंच्या नावाभोवतीच्या आदरापोटी हा भेद विसरला जातो. आखणीने फार तर एवढे केले, की विषमतेला गावकीच्या हक्काचा आधार मिळू दिला नाही. ती पैशाच्या आधारावर उभी राहिली. हा फरक लहान नाही, पण त्याला समता म्हणणे अतिशयोक्ती होईल.

ज्या गावाला जुनी परंपरा नाही तिथे एकत्र जीवनही पातळच असणार, अशी समजूत असते. जयसिंगपूरला ती लागू पडत नाही. जयसिंगपूरची लोकसंख्या अर्ध्या लाखाच्या आसपास आहे, पण हा आकडा रात्री मुक्कामाला असणाऱ्यांचा. बाजाराला, महाविद्यालयांना, दवाखान्यांना आणि गाडी पकडायला येणाऱ्या पन्नासाहून अधिक खेड्यांचा हिशेब जनगणनेच्या रकान्यात बसत नाही. भारतीय जनगणना पाच हजार वस्ती, दाटी आणि बिगरशेती कामगारांचे प्रमाण पाहून शहर ठरवते. त्या व्याख्येत जयसिंगपूर शहर आहे, पण त्याचे पोट शेतीवर चालते आणि त्याचा वर्षाचा मोठा मेळावाही शेतीचाच असतो. नृसिंहवाडीत दत्तजयंतीला गर्दी लोटते. जयसिंगपुरात ती लोटते गळीत हंगामाच्या तोंडावर, विक्रमसिंह मैदानावरच्या ऊस परिषदेला. राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी चळवळीने ती दोन दशकांहून अधिक काळ चालवली आहे, आणि पहिल्या उचलीची मागणी तिथून जाहीर होते तेव्हा तिच्याकडे केवळ या जिल्ह्याचे कारखानदार कान लावून नसतात. शहरात साखर कारखाना नाही. तालुक्यातला मोठा सहकारी कारखाना शिरोळला आहे. तरीही उसाच्या दराची मागणी इथून होते, कारण माल आणि माणूस या ठिकाणी एकत्र येण्याची सवय पेठेने लावली.

नदीपासून दूर राहण्याचा अर्थ 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी दाखवला. कृष्णा-पंचगंगेचे पाणी पसरले तेव्हा तालुक्यातली काठावरची जुनी गावे बुडाली, आणि तिथली माणसे व जनावरे आसऱ्याला आली ती उंचावरच्या या शहराच्या बाजूला. पेठ आखताना पुराचा विचार झाला होता असे यावरून म्हणता येणार नाही; रेल्वे जिथून गेली तिथे ती बसली, इतकेच. पण काठावरच्या गावांचे पुनर्वसन कुठे करायचे हा प्रश्न प्रत्येक पुरानंतर निघतो, तेव्हा चर्चा धान्य आणि तंबूंपाशी अडकते. पाण्यापासून दूर नव्याने आखलेली वस्ती याच तालुक्यात शंभर वर्षे टिकली आणि वाढली ती तिथे रोजचा सौदा होता म्हणून. पुनर्वसनाच्या आराखड्यात घरांच्या ओळी असतात; बाजाराची जागा बहुतेक वेळा नसते.